सेलिन डिऑनचा ‘द्यो’: मोठ्या आवाजाची बाई हळू गाते तेव्हा

ही सीडी माझ्या हातात पडली तेव्हा मला बोलायची बंदी होती. मी गाणं शिकवते. रोज चार-चार तास मुलींबरोबर गाऊन, वर त्यांना ओरडून, स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सहा आठवडे मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजताना गळ्यावर उलट जास्तच ताण येतो. मी गळ्यात पाटी अडकवून घरभर फिरत होते आणि मनातून पार खचले होते.

माझी मावसबहीण मॉन्ट्रियलला असते. तिनं हे पार्सल पाठवलं. आत एक सीडी, डबीची बिजागरी प्रवासात तुटलेली, आणि वहीचे सात कागद. त्यावर बाराही गाण्यांचा अर्थ तिनं निळ्या शाईत मराठीत उतरवला होता. पहिल्या कागदाच्या डोक्यावर ओळ होती: ‘तुला जी सेलिन माहीत आहे, ती ही नाही. घाई न करता ऐक.’

मला माहीत होती ती सेलिन म्हणजे ‘टायटॅनिक’ या बुडत्या जहाजाच्या सिनेमातलं गाणं. ते गाणं मी स्पर्धांमधून इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की शेवटच्या कडव्यात सूर वर उचलायची वेळ आली की माझा श्वास अडकतो. पोरी मान ताणतात, हनुवटी वर करतात आणि गळा फाटेस्तोवर ओढतात. ‘अशा आरडाओरड्याला गाणं म्हणत नाहीत,’ असं मी वर्गात कितीदा तरी बोलून गेले आहे, आणि त्याचा ठपका सरळ त्या बाईवर ठेवला आहे. ते माझं चुकलं. हे परीक्षण लिहायला बसण्याचं अर्धं कारण तेच आहे.

आधी वस्तूबद्दल. ‘द्यो’ हा कॅनडाची गायिका सेलिन डिऑन हिचा मार्च १९९५ मध्ये आलेला फ्रेंच अल्बम. एकूण बारा गाणी. अमेरिकेत तो ‘द फ्रेंच अल्बम’ या नावानं निघाला, तेव्हा शोधताना दोन्ही नावं घालून पाहा. नावात श्लेष आहे. उच्चार कानाला ‘दोन’ असा लागतो, पण लिहिलेलं वाचलं तर अर्थ होतो ‘त्यांच्याविषयी’ किंवा ‘त्यांच्याकडून’. ते दोघं म्हणजे गाणारी सेलिन आणि लिहिणारा जाँ-जाक गोल्डमन. गोल्डमन तेव्हा फ्रान्समधला फार मोठा गायक-गीतकार होता, आणि त्यानं तिच्यासाठी अख्खा अल्बम लिहायला घेतला. फ्रान्समध्ये हा अल्बम ४४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि फ्रेंच भाषेतला जगात सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. हे आकडे मला नंतर कळले. आधी कळलं ते पहिलं गाणं.

‘पूर क तू मेम आंकोर’, म्हणजे ‘तू पुन्हा माझ्यावर प्रेम करावंस म्हणून’. सोडून निघालेल्या माणसाशी ती बोलते आहे. पहिल्याच ओळीत ती म्हणते की मला सगळे शब्द समजले, नीट समजले, आभारी आहे. तो ‘मेर्सी’ ऐका. ओळीच्या टोकाला ती तो शब्द अगदी अलगद ठेवते, पाहुण्यापुढं पाण्याचा पेला ठेवावा तसा. त्यात राग नाही की हुंदका नाही. आवाज इतका जवळ आणि इतका खाली आहे की ओळ सुरू व्हायच्या आधी घेतलेला श्वास कानाला लागतो. आमच्याकडं त्याला चोरटा श्वास म्हणतात. तो लपवायला आम्ही मुलींना वर्षानुवर्षं शिकवतो. ही बाई तो लपवत नाही, कारण बोलणारं माणूस श्वास लपवत नसतं.

मग धृपद येतं. तू तुझं हृदय दुसरीकडं घेऊन गेलास तर मी तिथं जाऊन ते शोधून आणीन, असा त्याचा भाव. इथं आवाज चढतो. पण मी पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं, तिच्याकडं जेवढं आहे तेवढं ती इथंही देत नाही. झाकण पूर्ण उघडत नाही. वाफ आत आहे हे आपल्याला कळतं आणि ती सुटत नाही म्हणूनच जीव कासावीस होतो. गोल्डमनचं तिला सांगणं होतं की कमी गा. सुरांची ताकद दाखवण्यापेक्षा शब्द पोचू दे. जिच्याकडं एवढा गळा आहे तिला ‘कमी गा’ म्हणणं सोपं नाही, आणि तिनं ते ऐकणं त्याहून अवघड. मी स्वतः गुरुजींचं हे सांगणं ऐकलं नाही. त्याची किंमत मी त्या सहा आठवड्यांत मोजत होते.

ती इथवर आली कशी ते सांगते, कारण ते कळल्यावर हा अल्बम वेगळा ऐकू येतो.

कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतातलं शार्लमान्य हे गाव. ३० मार्च १९६८ चा जन्म. चौदा भावंडांतली ती शेंडेफळ. घरात सगळे गाणारे, आई-वडिलांचा छोटा पियानो बार, आणि ही पोर तिथंही गायची. बारा वर्षांची असताना आईनं तिच्यासाठी एक गाणं लिहिलं, भाऊ जाकनं आणि तिनं हातभार लावला, आणि कॅसेटवर भरून ते रने आंजेलील नावाच्या व्यवस्थापकाकडं पाठवलं. त्याचं नाव मिशेल या दुसऱ्या भावाला एका गायिकेच्या रेकॉर्डवर सापडलं होतं. कॅसेट पाठवून बरेच दिवस झाले तरी उत्तर नाही, तेव्हा मिशेलनंच फोन केला. आंजेलीलनं मुलीला कार्यालयात बोलावलं, हातात पेन दिलं आणि म्हणाला, हा माइक समज आणि गा. ती गायली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा पहिला अल्बम काढायला त्यानं स्वतःचं घर गहाण टाकलं.

पुढं भराभर घडत गेलं. १९८२ ला टोकियोतल्या यामाहा गीत महोत्सवात सुवर्णपदक. १९८८ ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन ही देशादेशांतली गाण्याची स्पर्धा, तेही स्वित्झर्लंडकडून, आणि अवघ्या एका गुणानं विजय. गाणं फ्रेंचच होतं.

आता १९८९. या सालापाशी मी थबकले. एका मैफलीत तिचा आवाज गेला. न्यूयॉर्कच्या विल्यम गूल्ड नावाच्या डॉक्टरांनी तिला दोनच वाटा सांगितल्या: एक तर लगेच शस्त्रक्रिया, नाहीतर तीन आठवडे संपूर्ण मौन. तिनं मौन निवडलं. त्यानंतर विल्यम रायली नावाच्या शिक्षकाकडं आवाज नव्यानं घडवला. गळा कसा उघडायचा, श्वास कुठून घ्यायचा, सगळं पहिल्यापासून. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि क्वेबेकात तिचं नाव गाजत होतं. तरी ती पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसली. हे मी गळ्यात पाटी घालून वाचलं. त्या दिवशी माझ्या मौनाचा सतरावा दिवस होता. दुपारी मी पाटीवर काहीच लिहिलं नाही, नुसती बसून राहिले.

त्याच सुमाराला ती इंग्रजी शिकत होती. १९९० मध्ये पहिला इंग्रजी अल्बम आला. त्या वर्षी क्वेबेकच्या संगीत पुरस्कारांत तिला ‘इंग्रजी कलावंत’ म्हणून फेलिक्स पुरस्कार जाहीर झाला आणि तिनं भर मंचावर तो नाकारला. मी फ्रेंच गायिकाच आहे, असं तिचं म्हणणं. क्वेबेकमध्ये भाषा हा जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा विषय. पोटासाठी परक्या भाषेत गेलेल्या माणसाकडं घरचे कसे बघतात ते आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. तिनं काय केलं? इंग्रजी सोडली नाही आणि फ्रेंचही सोडली नाही. १९९४ मध्ये ‘द पॉवर ऑफ लव्ह’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. कोणीही म्हटलं असतं की आता लागोपाठ इंग्रजीच काढ. तिनं त्याच तेजीत हा फ्रेंच अल्बम केला.

दरम्यान १७ डिसेंबर १९९४ ला मॉन्ट्रियलच्या नोत्र-दाम बॅसिलिकामध्ये तिनं आंजेलीलशी लग्न केलं. दोघांत २६ वर्षांचं अंतर, आणि ओळख झाली तेव्हा ती बारा वर्षांची. ही गोष्ट मला आजही खटकते. ती त्याच्याविषयी शेवटपर्यंत फार प्रेमानं बोलत आली हेही खरं.

परत गाण्यांकडं. ‘ज से पा’, म्हणजे ‘मला माहीत नाही’. हिवाळा मला माहीत आहे, थंडी माहीत आहे, पण तुझ्याशिवाय जगणं मात्र माहीत नाही, असा गाण्याचा गाभा. गोल्डमननं ही ओळ पॅरिसच्या बाईसाठी लिहिली असती तर ती नुसती कविता झाली असती. क्वेबेकच्या मुलीनं ‘थंडी मला ठाऊक आहे’ म्हटलं की ती साधी माहिती होते, आणि त्याच्या पुढचं ‘माहीत नाही’ म्हणूनच हलवून सोडतं. मावसबहिणीनं समासात लिहिलं होतं: ‘उणे पंचवीसमध्ये बससाठी उभी राहिले की हे गाणं आठवतं.’

‘जिरे ऊ तू इरा’, ‘तू जाशील तिथं मी येईन’, हे गोल्डमनबरोबरचं द्वंद्वगीत. चाल उडती, गिटार पुढं. ती आपल्या मुलखातली जंगलं, आकाशाला भिडणारी छपरं आणि न वितळणारं बर्फ सांगते, तो आपल्याकडचं सांगतो. इथं ती हसत गाते. त्याचा आवाज तिच्यापुढं साधाच, थोडा खरखरीत. तरी तो दबत नाही, कारण ती त्याला जागा देते. द्वंद्वगीतात दुसऱ्याला जागा देणं मोठ्या गळ्याच्या माणसांना सहसा जमत नाही.

‘ला मेम्वार दाब्राम’, म्हणजे अब्राहमची स्मृती. हे नाव मारेक हाल्टर यांच्या ज्यू कुटुंबाच्या पिढ्यान्‌पिढ्यांची कथा सांगणाऱ्या कादंबरीचं. गोल्डमन स्वतः ज्यू घरातला. मला शब्द न कळता पहिल्यांदा ज्या गाण्यानं हात जोडावेसे वाटले ते हे. आवाजात याचना आहे पण दीनपणा नाही. भजन गाणाऱ्यानं हे जरूर ऐकावं.

‘देस्तँ’, अर्थात नशीब. गावोगाव हिंडणाऱ्या गायिकेचं गाणं. इथं तिचा खर्ज ऐकायला मिळतो. तिच्याकडं एवढा भरीव खर्ज आहे हे मला माहीतच नव्हतं, कारण गाजलेल्या इंग्रजी गाण्यांत तो फक्त जिन्याची पहिली पायरी म्हणून येतो.

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. कीबोर्ड आणि ढोल यांचे आवाज १९९५ चेच आहेत. काही ठिकाणी ते कोरडे, डब्यातून आल्यासारखे लागतात. नुसता पियानो आणि एखादं गिटार असतं तर जास्त गोड झालं असतं असं निदान तीन गाण्यांत वाटलं. ‘शेर्श आंकोर’ आणि ‘ल बाले’ ही गाणी वाईट नाहीत, पण मी ती पुढं ढकलते. शेवटून तिसरं ‘जातांदे’ चांगलं सुरू होऊन तिच्या जुन्या सवयीकडं वळतं, सूर चढवत न्यायच्या. एक अडचण मात्र खरी आहे. फ्रेंच येत नसेल तर अर्थ हाताशी हवा. शब्दांशिवाय हा अल्बम अर्धाच पोचतो, कारण तिनं इथं शब्दांसाठीच सुरांना आवर घातला आहे. मला सात कागद मिळाले, तुम्ही निदान एका बैठकीत एखादा अनुवाद समोर ठेवून ऐका.

शेवटचं गाणं ‘व्होल’. ‘उड.’ सेलिनची भाची कारीन सिस्टिक फायब्रोसिसनं १९९३ मध्ये गेली, सोळाव्या वर्षी. या आजारात फुप्फुसात चिकट कफ साठत जातो आणि श्वास घेणंच दिवसेंदिवस अवघड होतं. गोल्डमननं हे गाणं त्या मुलीला मनात धरून लिहिलं. माझ्या छोट्या पंखा, माझ्या पाकोळी, दूर जा, निवांत जा, इथलं काहीच तुला अडवू नये. एवढंच. जिला श्वास पुरत नव्हता अशा पोरीसाठी, जिचा दमसास जगानं वाखाणला ती मावशी गाते आहे, आणि अख्ख्या गाण्यात एकदाही तो दमसास मिरवत नाही. ओळी आखूड, आवाज पाळण्याशी गावा तेवढा. शेवटचा सूर लांबवायची संधी असताना ती तो सोडून देते. मी गाणं शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण सूर कधी सोडायचा हे इतकं स्पष्ट मला कोणी दाखवलं नव्हतं.

सातव्या कागदावर या गाण्याचा अर्थ होता आणि खाली फक्त ‘ऐकून झालं की फोन कर’. मला बोलायची परवानगी नव्हती. मी साडेतीन आठवड्यांनी फोन केला. डॉक्टरांनी दिवसाला पाच मिनिटं बोलायला दिली होती, त्यातली चार तिच्यासाठी ठेवली. आवाज खरखरीत, अनोळखी निघाला. ती म्हणाली, ‘ताई, हळू बोल, मला ऐकू येतंय.’

या अल्बमनंतर तिचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे. १९९६ चा ‘फॉलिंग इन्टू यू’ आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. १९९७ मध्ये ते जहाजाचं गाणं. ते आता मी परत ऐकलं. नमुना म्हणून जे ध्वनिमुद्रण केलं होतं त्यातलाच तिचा आवाज शेवटी सिनेमात राहिला, आणि पहिली दोन कडवी खरोखर हळू आहेत. आमच्या पोरी ती घाईघाईनं उरकतात, शेवटच्या चढणीची वाट बघत. दोष तिचा नव्हता. २००३ पासून लास वेगासला चार हजारांवर खुर्च्यांच्या कलोझियम या नाट्यगृहात पाच वर्षांत सातशेहून अधिक प्रयोग. जानेवारी २०१६ मध्ये आंजेलील गेला आणि दोनच दिवसांनी तिचा भाऊ दानिएल.

डिसेंबर २०२२ मध्ये तिनं सांगितलं की तिला स्टिफ पर्सन सिंड्रोम आहे. स्नायू आपोआप आखडतात, झटके येतात. श्वास आणि आवाज शेवटी स्नायूंवरच चालतात. २०२४ च्या माहितीपटात तिनं हे सगळं कॅमेऱ्यासमोर येऊ दिलं आहे. गायला जाते आणि सूर तुटतो, ती रडते. त्यातला झटक्याचा भाग मी एका बैठकीत पाहू शकले नाही. पण त्याच वर्षी २६ जुलैला, पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात, भर पावसात आयफेल टॉवरवर ती उभी राहिली आणि जुन्या फ्रेंच गायिका एदित पियाफचं ‘इम्न आ लामूर’ गायली. फ्रेंचमध्ये. मी मोबाइल दोन्ही हातांत धरून पाहत होते. ती वरच्या सुराला पोचली तेव्हा मला आनंद झालाच, पण त्याआधी सुरुवातीच्या ओळींत ती शब्द जसे ठेवत होती ते बघून मी मनात म्हटलं, हे ‘द्यो’तलं आहे.

घ्यावा का? गाजलेल्या गाण्यांचा संग्रह घ्यायचा विचार असेल तर तो थांबवून आधी हा घ्या. फक्त मोठ्या चढणीची गाणी आवडत असतील तर निराशा होईल, तेव्हा तुम्ही ‘फॉलिंग इन्टू यू’कडं जा. ‘व्होल’ तिथंही इंग्रजीत ‘फ्लाय’ नावानं आहे, चांगलं आहे, पण फ्रेंचमधलं मऊपण त्यात थोडं उणं पडतं. ‘द्यो’ आवडला तर पुढं गोल्डमनबरोबरचाच १९९८ चा ‘सिल स्युफिझे देमे’ ऐका. तो मी अलीकडेच लावला आहे आणि अजून त्यातच आहे. मोबाइलच्या स्पीकरवर यांतलं काही ऐकू नका. साधे का होईना, हेडफोन लावा, नाहीतर ते श्वास आणि तो ‘मेर्सी’ हाती लागणार नाहीत. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या कीबोर्डसाठी कापला.

गेल्या आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू झाला. एक मुलगी स्पर्धेसाठी जहाजाचं गाणं घेऊन आली. मी तिला खाली सतरंजीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं, शेजारी आजी झोपली आहे असं समज, तिला जाग येऊ न देता पहिलं कडवं म्हण. तिला तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा दुसऱ्या ओळीपर्यंत आली, मध्येच थांबली, आणि ‘पुन्हा घेऊ का?’ असं तितक्याच हळू आवाजात विचारलं.